भंगार ठरविण्यापूर्वी

‘हे चालत नाही’ आणि ‘हे का चालत नाही?’ या दोन वाक्यांत अंतर फक्त एका अक्षराचे आहे. पण पहिले वाक्य निकाल देऊन मोकळे होते आणि दुसरे चौकशी सुरू करते. आमच्या वऱ्हाडात या चौकशीसाठी एक खास शब्द आहे, ‘काहून?’. बैल बसला तरी ‘काहून?’, एस.टी. उशिरा आली तरी ‘काहून?’. प्रत्येक गोष्टीला ‘काहून’ विचारणारी आमची माणसे एका वस्तूपुढे मात्र एकदम गप्प होतात. ती वस्तू म्हणजे संगणक. तो अडला की कोणीतरी ‘जुना झाला’ म्हणतो, बाकीचे माना डोलावतात आणि प्रकरण भंगाराच्या यादीत जाते.

हा विषय सुचण्याचे कारण आपल्याच संगणक कक्षात आहे. तेथील अकरा जुने संगणक भंगारात काढावेत असा विचार यंदा चालू आहे. त्यामागे कारणे दोन सांगितली जातात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण आधार थांबविला, आणि विंडोज ११ या यंत्रांवर अधिकृतपणे चढत नाही. त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप व बहुतांशी २०१७ नंतरच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. दुसरे कारण असे की, मृगाआधीच्या वादळात वीज कडाडली आणि काही यंत्रांचे मदरबोर्डवरचे नेटवर्क पोर्ट केबलमार्गे जळाले. यंत्र जुने, त्यात इंटरनेट नाही, मग ठेवायचे कशाला? प्रश्न वरकरणी रास्त आहे. तरीही माझे मत असे की, या अकरांपैकी एकाचीही रीतसर तपासणी झाल्याशिवाय लिलाव होऊ नये. संगणकशास्त्राची विद्यार्थिनी नसताना, बी.ए. द्वितीय वर्षाच्या बाकावरून मी हे लिहिते आहे, आणि बी.ए.च्या बाकावरून हे लिहिता येते, हाच माझ्या म्हणण्याचा अर्धा भाग आहे.

पहिल्या कारणाचा विचार प्रथम करू. विंडोज म्हणजे संगणक नव्हे. अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये १९६९ साली केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाची कार्यप्रणाली घडविण्यास आरंभ केला. तिच्या धर्तीवर फिनलंडमधील हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहिला. त्या वेळी तो एकवीस वर्षांचा होता, म्हणजे आपल्याहून फार तर दोन-तीन वर्षांनी मोठा. आज लिनक्स कोणीही फुकट घ्यावा, उघडून पाहावा, बदलावा आणि दुसऱ्याला द्यावा, अशी रीतसर परवानगी आहे. आपल्या सरकारी सी-डॅक संस्थेने ‘बॉस’ या नावाने तयार केलेली कार्यप्रणालीही डेबियन या लिनक्सच्याच एका प्रकारावर उभी आहे. विंडोज १० थांबले म्हणून ज्या यंत्राला आपण मृत म्हणतो, त्यावर डेबियनची ताजी, सुरक्षा-दुरुस्त्या मिळणारी आवृत्ती चालू शकते. तेव्हा पहिले कारण यंत्राच्या वयाचे नसून विकणाऱ्याच्या वेळापत्रकाचे आहे.

आपल्या देशातील इंटरनेटचा आरंभही युनिक्सच्याच अंगणात झाला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. पण त्याच्या कितीतरी आधी, १९८६ साली ‘एर्नेट’ हा शैक्षणिक जाळ्याचा प्रकल्प सुरू झाला होता. त्यात मुंबईची एन.सी.एस.टी. ही संस्था आणि तिचे संचालक डॉ. श्रीनिवासन रमणी यांचा वाटा मोठा आहे. ही संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. त्या काळात युनिक्स यंत्रे टेलिफोनच्या तारेवरून एकमेकांना निरोप पोचवीत. तार बिघडली, मोडेम रुसला, की माणसे बसून कारण शोधीत. कारण नवे यंत्र मागविणे ही सोपी गोष्ट नव्हती. अडचणीतून आलेली ती सवय आपण सुबत्तेत गमावून बसलो आहोत.

आता दुसरे कारण, म्हणजे जळालेले नेटवर्क पोर्ट. येथे नेटवर्क कार्ड म्हणजे काय हे थोडक्यात सांगावे लागेल. संगणकांना एका तारेवर बोलावयास लावणारी ईथरनेट ही पद्धत रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ साली झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात मांडली. तिच्यासाठी यंत्रात जी पट्टी खोचतात ते नेटवर्क कार्ड. पुढे हे काम करणारी चिप मदरबोर्डवरच बसू लागली आणि सुट्या कार्डांचे ढीग भंगारवाल्याकडे गेले. अमरावती-अकोल्याच्या बाजारात जुना सी.पी.यू. उघडला तर रिअलटेक कंपनीच्या ८१३९ या चिपचे कार्ड हमखास हाती लागते. कार्ड स्वस्त, कारागिरी बेताची, वेग सेकंदाला १०० मेगाबिट. आजच्या मानाने हा वेग कमी. पण ग्रंथालयाची यादी पाहणे, अर्ज भरणे, लेख वाचणे यासाठी तो पुरून उरतो. ज्याचे मूळचे पोर्ट वीज पडून गेले, त्या यंत्राच्या रिकाम्या पीसीआय खाचेत हे कार्ड बसविले की काम भागते.

पण कार्ड बसविणे निराळे आणि ते चालणे निराळे. कार्ड आणि कार्यप्रणाली यांच्यामध्ये एक दुभाष्या लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. कंपनीने नव्या विंडोजसाठी दुभाष्या दिला नाही तर चांगले कार्डही मुके होते. लिनक्समध्ये हे दुभाषे जगभरच्या माणसांनी लिहून गाभ्यातच ठेवले आहेत. त्यांतले एक महत्त्वाचे नाव डोनाल्ड बेकर यांचे. त्यांनी लिनक्ससाठी अनेक ईथरनेट कार्डांचे ड्रायव्हर लिहिले, आणि १९९४ साली थॉमस स्टर्लिंग यांच्यासह नासामध्ये सोळा साध्या संगणकांना स्वस्त ईथरनेटने जोडून ‘बेवुल्फ’ नावाचा एक सामर्थ्यवान गणकसमूह उभा केला. ज्या कार्डांना आपण टाकाऊ म्हणतो, तशाच मामुली मालावर मोठे काम उभे राहिले, हे येथे ध्यानात घ्यावे.

आता प्रत्यक्ष तपासणीकडे वळू. माझ्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. पण बिघाड शोधण्याची रीत मी येथे येऊन नव्हे, घरीच पाहिली. विहिरीवरचा पंप पाणी देईनासा झाला की बाबा मोटार उचलून गावात नेत नाहीत. खांबावर वीज आहे का? फ्यूज शाबूत आहे का? स्टार्टर धरतो का? मोटार फिरते का? फिरत असेल तर फूटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला आहे का? एकेक प्रश्न, एकेक उत्तर, आणि खालचा प्रश्न सुटल्याशिवाय वरचा नाही. संगणकाच्या जाळ्यातील बिघाड शोधण्याची रीत तंतोतंत हीच आहे.

पहिला प्रश्न तारेचा. केबल खोचली की कार्डावरचा लहान दिवा लागतो का? लागत नसेल तर केबल बदलून पाहावी, स्विचचे दुसरे भोक वापरून पाहावे. दुसरा प्रश्न कार्डाचा. ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा दिली की पीसीआय मार्गावर कोण कोण हजर आहे त्याची हजेरी लागते. त्या यादीत कार्डाचे नावच नसेल तर ते खाचेत नीट बसलेले नाही, त्याच्या टोकांवर मळ आहे, किंवा खाच वा कार्ड खरोखरच गेले आहे. वीज बंद करून, कार्ड काढून, त्याची सोनेरी टोके खोडरबराने हलक्या हाताने पुसून पुन्हा बसवावे. गाडगेबाबांच्या मुलुखात हे वेगळे सांगायला नको, आधी खराटा आणि मग कीर्तन. तिसरा प्रश्न दुभाष्याचा. ‘डीमेसेज’ ही आज्ञा दिली की गाभ्याने यंत्र सुरू झाल्यापासून लिहिलेली रोजनिशी समोर येते. ड्रायव्हरने कार्ड ओळखले की नाही ते त्यात लिहिलेले असते. चौथा प्रश्न पत्त्याचा. कार्डाला जाळ्यात पत्ता मिळाला आहे का? काही ठिकाणी प्रत्येक कार्डाचा स्वतःचा कारखान्यातला क्रमांक नोंदवूनच प्रवेश देतात. कार्ड बदलले की तो क्रमांक बदलतो, हेही पाहावे लागते. पाचवा प्रश्न वाटेचा. ‘पिंग’ आज्ञेने आधी जवळच्या दाराला हाक मारावी, मग दूरच्या पत्त्याला. आकड्यांचा पत्ता ओ देतो पण नावाने हाक मारली तर उत्तर नाही, असे झाल्यास कार्ड, तार, ड्रायव्हर सारे निर्दोष असून दोष नावाचा पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेत आहे. शिवाय एक लबाड दोष असा की, सारे चालते पण रडतखडत. तेव्हा कार्ड आणि स्विच यांचे जमलेले नसते. एकजण बोलणे-ऐकणे एकाच वेळी करतो, दुसरा पाळीपाळीने. ‘ईथटूल’ ही आज्ञा तेही सांगते.

या पाच प्रश्नांना पाच मिनिटे लागतात. ते न विचारता निकाल दिला की काय होते त्याचे उदाहरण आपल्याच कक्षात घडले. एका यंत्रावर वादळाच्या आधीच डेबियन चढविलेले होते. मूळचे पोर्ट जळाल्यावर त्यात जुने ८१३९ कार्ड बसविले. इंटरनेट येईना. दुरुस्तीसाठी आलेल्या माणसाने कार्डाकडे पाहिले, यंत्राच्या वयाकडे पाहिले आणि ‘कार्ड गेलं, मशीन पण गेलीच समजा’ असे सांगून तो निघून गेला. त्यानंतर दोन दुपारी प्रयोगशाळेतील परिचर काकांसोबत आम्ही तिघे विद्यार्थी त्या यंत्रासमोर बसलो. दिवा लागत होता. हजेरीत रिअलटेकचे नाव होते. रोजनिशीत ८१३९ चा ड्रायव्हर चढल्याची नोंद होती, आणि तिच्याच खाली एक ओळ होती की, ‘ईथ०’ या कार्डाचे नाव बदलून ‘ईएनपी४एस१’ केले आहे.

सारी गोम त्या एका ओळीत होती. आजच्या बहुतेक लिनक्समध्ये कार्डाला त्याच्या जागेवरून नाव मिळते: ‘पी४’ म्हणजे चौथा मार्ग, ‘एस१’ म्हणजे पहिली खाच. जळालेले पोर्ट तिसऱ्या मार्गावर होते, त्यामुळे त्याचे नाव वेगळे होते. आणि जाळ्याची मांडणी ज्या फाईलमध्ये लिहिलेली असते, तिच्यात अजून त्या जुन्या पोर्टचेच नाव होते. यंत्र दर वेळी सुरू होई आणि नसलेल्या पोर्टसाठी पत्ता मागत राही. नवे कार्ड धडधाकट असून बेवारस पडले होते. आपल्याकडे आजोबा जाऊन दहा वर्षे होतात, शेत नातू वाहतो, पण फेरफार न झाल्याने सातबारा अजून आजोबांच्याच नावे असतो. आणि अनुदान आले की अडते. तसेच हे. परिचर काकांनी फाईलमधील ते नाव बदलले, आज्ञा दिली, आणि यंत्राला पत्ता मिळाला. कार्डही गेले नव्हते आणि मशीनही. त्या दुरुस्तीवाल्याच्या निकालाला ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ याहून चपखल शब्द मला सापडत नाहीत.

आता कोणी म्हणेल, हे काम विज्ञान शाखेचे; कला शाखेने यात का पडावे? माझे उत्तर असे की, वर जे झाले ते मुख्यतः वाचन होते. यंत्राने लिहिलेल्या शेकडो ओळींतून नेमकी ओळ हुडकणे, तिचा मागच्या-पुढच्या ओळींशी संबंध लावणे आणि पुराव्याच्या पलीकडे न जाता निष्कर्ष काढणे, हेच तर आम्हाला मराठीच्या आणि इतिहासाच्या तासाला शिकवितात. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून जुने दप्तर का शोधीत? अस्सल कागद पाहिल्याशिवाय निर्णय देऊ नये म्हणून. यंत्राची रोजनिशी हाही अस्सल कागदच आहे. ‘जुने झाले’ ही मात्र ऐकीव बखर आहे.

अडचण आहे ती भाषेची, आणि ती मी झाकणार नाही. पडद्यावरची पुष्कळशी पाटी आज मराठीत दिसू शकते. फायरफॉक्ससारखा ब्राउझर मराठीत उपलब्ध आहे. पण गाभ्याची रोजनिशी इंग्रजीतच बोलते, आणि बिघाड कसा शोधावा याची माहितीही बहुतेक इंग्रजीतच मिळते. खेड्यातून आलेला विद्यार्थी त्या ओळी पाहून मागे सरतो. त्याची बुद्धी कमी नसते, त्याला कोणी शब्दाचा हात दिलेला नसतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, आपण पेढे वाटले. पण ज्या भाषेत बंद पडलेल्या यंत्राला ‘का रे बाबा, काय झाले?’ असे विचारता येत नाही, तिचा दर्जा कागदावरच राहील. पंपाच्या बाबतीत मराठीने ‘स्टार्टर’ आणि ‘फूटव्हॉल्व्ह’ हे शब्द घेतले, पचविले आणि शेतकऱ्याच्या तोंडी रुळविले. संगणकाच्या बाबतीतही तेच करता येईल. ते काम मराठी विभागाचे आहे, असे मी नम्रपणे सुचविते.

अकरा यंत्रांवर एवढी शाई कशाला, असेही कोणास वाटेल. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरावा लागतो. परीक्षेचा अर्ज, प्रवेश, निकाल, सारे ऑनलाइन. ज्याच्या घरी संगणक नाही तो मोबाईलच्या बोटभर पडद्यावर कागदपत्रे चढवीत बसतो, नाही तर बाहेर पैसे मोजून दुसऱ्याकडून अर्ज भरून घेतो. दुसऱ्याने घाईत भरलेल्या अर्जात आडनावाचे एक अक्षर चुकले तर वर्षभर खेटे घालावे लागतात. कक्षातील अकरा यंत्रे चालू असणे म्हणजे अकरा विद्यार्थ्यांना एका वेळी आपला अर्ज आपल्या हाताने भरता येणे. भंगाराच्या तराजूत लोखंडाचे आणि प्लास्टिकचे वजन होईल. या गोष्टीचे वजन त्यात होणार नाही.

विरुद्ध बाजूचेही ऐकले पाहिजे. जुनी यंत्रे संथ असतात, वीज जास्त खातात, आणि त्यांना कायमचे ओढत नेता येत नाही. लिनक्सही कोणाला अमरपट्टा देत नाही. टोरवाल्ड्स यांनी ज्या ३८६ जातीच्या प्रोसेसरवर लिनक्स लिहिले, त्याचाच आधार त्यांनी २०१२ साली गाभ्यातून काढून टाकला. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली डेबियन १३ ही आवृत्ती जुन्या ३२-बिट यंत्रांवर नव्याने चढविता येत नाही. म्हणजे या अकरांत एखादे ३२-बिट यंत्र निघाले, तर त्याचे दिवस भरले हे मान्य करावे. तेही भंगारवाल्याच्या हातगाडीवर न टाकता, १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत केंद्राकडे द्यावे. माझा हट्ट यंत्रे वाचविण्याचा नाही, निकालाआधी चौकशी व्हावी एवढाच आहे.

आमच्या भागाला हे शिकवायला बाहेरचा कोणी नको. मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे धावणारी शकुंतला आता थांबली. पण मँचेस्टरला बनलेले तिचे वाफेचे इंजिन विसाच्या दशकापासून १९९४ पर्यंत, म्हणजे सत्तर वर्षे चालले. ते अमर लोखंडाचे नव्हते. खटका कुठे अडला, वाफ कुठे गळते, हे कान लावून ओळखणारी माणसे मूर्तिजापुरात होती म्हणून ते चालले.

म्हणून प्राचार्य महोदयांना आणि प्राध्यापक वर्गाला माझी विनंती तीन गोष्टींची आहे. प्रत्येक यंत्राच्या नावे एक कागद असावा. त्यावर वरचे पाच प्रश्न आणि त्यांची उत्तरे तारखेसह लिहिलेली असावीत, आणि अशा कागदाशिवाय कोणतेही यंत्र लिलावात जाऊ नये. संगणक कक्षात एक वही ठेवावी, तीत सापडलेला प्रत्येक दोष आणि त्याचा उपाय साध्या मराठीत लिहिला जावा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या मुलांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. आणि परिचर काकांना या कामाचे रीतसर श्रेय व वेळ मिळावा. आज ते आपल्या जेवणाच्या सुटीत ही दुरुस्ती करतात.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींना मात्र मी विनंती करीत नाही, बोलाविते. अकरांपैकी एका यंत्राचा कागद भरून झाला आहे. दहा बाकी आहेत. लिलावाची तारीख अजून ठरलेली नाही.